बाग एकच, खेपा पाच: आठशे वर्षांपूर्वीची चिनी प्रेमकथा गेममध्ये कशी उतरते

२० ऑगस्ट २०२४ ला 'ब्लॅक मिथ: वूकाँग' हा चिनी गेम आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. चिनी कथा-पुराणांवर गेम निघतो आणि जग तो डोक्यावर घेतं, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. पण त्यात निदान काठी होती, राक्षस होते, मारामारी होती. त्याच देशाच्या जुन्या साहित्यातून दुसऱ्या एका प्रकारच्या गेमला विषय मिळतात आणि तो पाहून भलेभले बुचकळ्यात पडतात. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. एका बागेत शिरायचं, हिंडायचं, भिंतीवरचं वाचायचं. पाहणारा दहा मिनिटांनी विचारतो, "अरे, पण यात खेळायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. तो सोडवायला बाराव्या शतकातला कवी लू यौ आणि त्याची पहिली बायको तांग वान यांची गोष्ट घेऊ आणि तिच्यावर असा गेम करायचा झाला तर तो आतून कसा जुळवावा लागेल ते पाहू.

हातात तलवार नाही, मग करायचं काय?

या प्रकाराला एक्सप्लोरेशन अ‍ॅडव्हेंचर म्हणतात. खेळाडू एखादी जागा पायी धुंडाळतो आणि सापडलेल्या खुणांवरून तिथं काय घडलं ते स्वतः जुळवतो, एवढीच त्याची व्याख्या. १९९३ च्या 'मिस्ट'मध्ये निर्मनुष्य बेट होतं आणि जागोजागी कोडी होती. २०१२ च्या 'डिअर एस्थर'नं कोडीही काढून टाकली. बेटावर चालायचं आणि एका माणसाचा आवाज ऐकायचा, बस. २०१३ च्या 'गॉन होम'मध्ये १९९५ सालचं एक रिकामं अमेरिकन घर आहे, आणि धाकटी बहीण कुठं गेली हे खणाखणांतून शोधायचं आहे. चिडलेल्या खेळाडूंनी या गेम्सना 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणून हिणवलं. पुढं तेच नाव रूढ झालं आणि आता करणारेही ते बिनदिक्कत वापरतात.

गावाकडचं बंद घर आवरायला गेलं की काय होतं, ते आठवा. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक तारीख असते. त्यावर एक लग्नपत्रिका असते, आणि पत्रिकेतल्या नवऱ्यामुलाचं नाव घरात कधी कुणी घेतलेलं नसतं. कुणी काही सांगत नाही, पण दोन वस्तू शेजारी सापडल्या की तिसरी गोष्ट आपल्याच डोक्यात उभी राहते. असा गेम करणारा हेच ठरवून घडवतो: काय ठेवायचं, कशाशेजारी ठेवायचं, आणि आधी काय सापडायचं.

गोष्ट काय आहे?

लू यौ (११२५ ते १२१०) हा चीनच्या दक्षिण सुंग राजवटीच्या काळातला मोठा कवी. त्याच्या नऊ हजारांवर कविता आज उपलब्ध आहेत. त्याच्या जन्मानंतर दोनच वर्षांत उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांनी सुंगांची राजधानी काबीज केली, दरबार दक्षिणेत पळाला, आणि 'उत्तर परत मिळवा' हा या कवीचा जन्मभराचा धोशा राहिला. त्याचं गाव शान्यिन, म्हणजे आजच्या झेजियांग प्रांतातलं शाओशिंग.

विशीच्या आसपास त्याचं तांग वानशी लग्न झालं. दोघांचं छान जमलं होतं, पण सासूला सून पसंत पडली नाही. आईच्या शब्दाबाहेर जाण्याची सोय त्या समाजात नव्हती, तेव्हा काडीमोड झाला. त्यानं दुसरं लग्न केलं. तिचं लग्न राजघराण्याशी नातं असलेल्या झाओ शिचंग याच्याशी झालं. काही वर्षांनी वसंतात, गावाच्या दक्षिणेला यूजी मंदिराजवळच्या शेन कुटुंबाच्या बागेत तिघांची अचानक गाठ पडली. तांग वाननं नवऱ्याला सांगून लू यौकडे दारू आणि खाणं पाठवलं. ती गेल्यावर त्यानं बागेच्या भिंतीवर एक कविता लिहिली. ती 'छाय थौ फंग', म्हणजे 'फिनिक्सचा केसकाटा' या चालीत आहे. तीस-तीस अक्षरांची दोन कडवी, एकूण साठ अक्षरं. पहिल्या कडव्याच्या शेवटी 'चुकलं, चुकलं, चुकलं' आणि दुसऱ्याच्या शेवटी 'नको, नको, नको'. त्यानंतर फार दिवस न जाता तांग वान वारली.

भिंतीवर कविता लिहिणं हा तेव्हा वात्रटपणा नव्हता. सुंग काळात खाणावळी, मंदिरं, टपालाचे थांबे इथं लोक सर्रास लिहीत. काही ठिकाणी तर त्यासाठी पांढऱ्या फळ्या टांगलेल्या असत. मागून येणारा वाचे, आणि वाटलं तर खाली उत्तर लिही.

गेमसाठी हीच गोष्ट का?

प्रेमकथा चीनमध्ये ढिगानं आहेत. हिची खरी ताकद भेटीनंतर आहे. लू यौ पंच्याऐंशी वर्षं जगला आणि त्या बागेपाशी पुन्हा पुन्हा येत राहिला. त्याच्या कवितांतून त्या खेपा सालवार सापडतात.

११९२ मध्ये, चिनी मोजणीनं अडुसष्टाव्या वर्षी, तो बागेत गेला. मेपलची पानं नुकती लाल झालेली, बागेचा मालक बदललेला, भिंत पडायला आलेली आणि आपल्याच अक्षरांवर धूळ साचलेली. ११९९ मध्ये, पंच्याहत्तराव्या वर्षी, त्यानं 'शेन बाग' नावाच्या दोन छोट्या कविता लिहिल्या: तटावरून तिरपं ऊन येतंय, शिंगाचा आवाज येतोय, पुलाखालचं पाणी हिरवं आहे, आणि विलो इतका म्हातारा झालाय की त्याचा कापूसही उडत नाही. १२०५ च्या बाराव्या चांद्र महिन्यात, एक्याऐंशीव्या वर्षी, तो बागेत स्वप्नातच गेला. दक्षिणेचा रस्ता जवळ आला की पाय पुढं टाकायची भीती वाटते, असं तो म्हणतो. पुढं प्लमचा वास बाहीतून शिरतो आणि माणूस मात्र दिसत नाही. १२०८ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, बाग फुलांनी भरली होती, आणि त्यातली निम्मी फुलं आपल्याला तेव्हापासून ओळखतात, असं त्यानं लिहिलं.

पहिली भेट धरून पाच खेपा. जागा तीच, ऋतू वेगळे, मालक वेगळे, आणि एक खेप तर जागेपणीची नाहीच. गेम करणाऱ्याला याहून तयार आराखडा मिळणार नाही. अफाट नकाशा बांधायचा नाही. एक छोटी बाग पाच अवस्थांत बांधायची. दोन-तीन जणांच्या चमूला झेपेल असं काम आहे, आणि कथेशी इमान राखूनही.

बाग कशी बांधायची?

सुरुवात ग्रेबॉक्सनं. ग्रेबॉक्स म्हणजे रंग-नक्षी काही नसलेले राखाडी ठोकळे मांडून केलेला नकाशाचा कच्चा सांगाडा. शेन बागेसाठी साधारण ६० मीटर बाय ४० मीटरची जागा पुरे. मधे तळं, एक पूल, एक मंडप, वळसा घेणारी वाट आणि टोकाला भिंत. आज शाओशिंगमध्ये जी शेन बाग आहे ती विसाव्या शतकात उत्खननानंतर पुन्हा उभी केलेली आहे आणि तिथल्या भिंतीवर लू यौची कविता आणि तांग वानचं म्हणून सांगितलं जाणारं उत्तर कोरलेलं आहे. तिचे फोटो पाहून नक्कल करण्याचा मोह आवरावा, कारण ती आजची मांडणी आहे.

भिंत दारातून दिसता कामा नये. चिनी बागेचं सगळं शास्त्रच या लपवाछपवीवर उभं आहे: समोर खडक किंवा आडवी भिंत, मग गोल दार, मग तळ्याचा एक कोपरा. तीन वळणं घेतल्यावर कविता दिसली तर खेळाडूला ती आपण शोधली असं वाटतं. दारातच दिसली तर तो ती वाचून निघून जातो आणि बाग तशीच राहते.

मग चालण्याचा वेग, आणि इथं बहुतेक नवखे घसरतात. माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर चालतो. अनरिअल इंजिन या गेम बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राचा चालण्याचा वेग मुळातच सेकंदाला ६०० सेंटिमीटर ठेवलेला असतो, म्हणजे ताशी २१.६ किलोमीटर, हा धावपटूचा वेग झाला. तो तसाच राहू दिला तर ६० मीटरची बाग दहा सेकंदांत संपते. खरा १.४ ठेवला तर ४३ सेकंद लागतात आणि पडद्यावर ते रखडल्यासारखं वाटतं, कारण पायाखालची जमीन आणि बाजूचं जग पडद्यावर नीट दिसत नाही. पहिल्या खेपेला २.५ च्या आसपास ठेवावं आणि पुढच्या प्रत्येक खेपेला थोडं कमी करावं. म्हातारपण दाखवायला पांढऱ्या दाढीपेक्षा हे भारी पडतं. मात्र १.६ च्या खाली जाऊ नये. नाहीतर खेळाडूला कवीची कीव येण्याऐवजी गेमचा राग येतो. स्वप्नाच्या खेपेत वेग पुन्हा पहिल्याइतका करून टाकावा. काही बोलायची गरज नाही, बोटांना फरक कळतो.

मंडपाची मापं हवेतून काढायचं कारण नाही. ११०३ मध्ये सुंग दरबारानं बांधकामाचा अधिकृत ग्रंथ छापला. त्यात लाकडाच्या मूळ मापाचे आठ दर्जे दिलेत आणि प्रत्येकात उंची-रुंदीचं प्रमाण १५ ला १० ठरलेलं आहे. छोट्या सभागृहांना आणि बागेतल्या मंडपांना सातवा दर्जा: उंची ५.२५ चुन, रुंदी ३.५ चुन. आजच्या मापात साधारण १६ आणि ११ सेंटिमीटर. एवढं एक माप धरलं की खांब, तुळया, छपराखालचे कंस सगळं त्याच्या पटीत बसतं.

भिंत पाच वेळा कशी बदलते?

इथं दोन तांत्रिक शब्द लागतील. ट्रिगर म्हणजे जमिनीवर आखलेली अदृश्य चौकट. खेळाडूनं तिच्यात पाय ठेवला की काहीतरी घडतं. फ्लॅग म्हणजे गेमच्या वहीतली हो-नाहीची नोंद, उदाहरणार्थ 'कविता वाचली: हो'.

पहिल्या खेपेला भिंतीला नवा चुना आहे. खेळाडू पुलावरून येतो तेव्हा ती कोरी असते. मंडपात ठेवलेल्या दारूच्या बुधल्याला हात लावला की फ्लॅग 'हो' होतो. बुधल्याच्या तोंडावर पिवळा कागद बांधलेला हवा, कारण कवितेत 'पिवळ्या बांधणीची दारू' असा उल्लेख आहे आणि ती सरकारी दारूची खूण होती. त्यानंतरच भिंतीवर ओली शाई दिसते. लू यौ लिहिताना दाखवू नये. खेळाडू तळ्याला वळसा घालून येईपर्यंत लिहून झालेलं असावं. माणूस लिहिताना दाखवला की चेहरा, हात, ब्रशची हालचाल असं सगळं अ‍ॅनिमेशन करावं लागतं, त्यात चमूचे महिने जातात, आणि शेवटी तो हात रबराचाच दिसतो.

दुसऱ्या खेपेला तीच भिंत पोपडे आलेली. साठातली पस्तीसएक अक्षरं वाचता यावीत, बाकी धुळीखाली. धूळ झटकायचं बटण देऊ नये. खेळाडूनं पहिल्या खेपेत नीट वाचलं असेल तर गाळलेल्या जागा तो मनात भरतो. नसेल वाचलं तर त्याला चुटपुट लागते. दोन्ही चालतं. तिसऱ्या खेपेला भिंतीपेक्षा पाणी महत्त्वाचं: पुलावर उभं राहून खाली पाहिलं की प्रतिबिंब दिसावं, पण ते कुणाचं हे कळण्याइतकं स्थिर नसावं. चौथ्यात, म्हणजे स्वप्नात, शाई पुन्हा काळीकुळकुळीत, आणि वाटा थोड्या चुकीच्या ठिकाणी निघालेल्या. पाचव्यात भिंतीपुढं फुलं इतकी की तिच्याकडे जायची वाटच नाही.

फ्लॅग किती ठेवायचे? मोह होतो भरपूर ठेवायचा: बुधला पाहिला, विलोला हात लावला, मंदिराची घंटा ऐकली. पण बारा फ्लॅग झाले की हो-नाहीच्या शक्यता ४०९६ होतात आणि त्या सगळ्या तपासणं कुणाच्या बापाला शक्य नाही. मग असं होतं की खेळाडू उलट्या बाजूनं फिरतो, बुधला राहून जातो, भिंत कोरीच राहते आणि गेम अडकून पडतो. पुढं जाण्यासाठी लागणारे फ्लॅग खेपेला एक, फार तर दोन. बाकी सगळं पाहिलं तर बरं, नाही पाहिलं तरी अडू नये असं. शिवाय एक पळवाट हवी: खेळाडू आठ-दहा मिनिटं नुसताच भटकत असेल तर मंदिराच्या बाजूनं घंटा वाजावी आणि आवाजाच्या दिशेनं तो आपोआप मंडपाशी यावा.

बागेबाहेरची एक वस्तूही आत आणता येईल. विशीत लू यौनं शेवंतीच्या उशीवर कविता लिहिली होती. ११८७ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, शेवंतीची फुलं वेचून उशी शिवताना त्याला ती आठवली आणि त्यानं त्यावर पुन्हा लिहिलं. वाळलेल्या शेवंतीनं भरलेली ती उशी पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या मधे, अर्ध्या मिनिटाच्या खोलीत, एकटीच ठेवावी. शिवण उसवायची सोय द्यावी आणि आतून फुलांखेरीज काही निघू नये. चिठ्ठी-बिठ्ठी अजिबात नको.

आईला थांबवता येत नाही का?

हमखास येणारा आक्षेप. गेम म्हटला की निवड हवी. मग खेळाडूला सासूचं मन वळवू द्या की. करता येईल, पण मग ही गोष्ट लू यौची राहणार नाही. काडीमोड बागेतल्या भेटीच्या कितीतरी आधी झालेला आहे. खेळाडू बागेत पाऊल ठेवतो तेव्हाच उशीर झालेला आहे. त्याला 'होय सांगा' आणि 'नाही सांगा' अशी दोन बटणं देऊन दोन्हीचा शेवट एकच केला, तर ती फसवणूक त्याच्या लगेच लक्षात येते.

निवड द्यायचीच तर लक्ष कुठं द्यायचं याची द्यावी. पहिल्या खेपेत अंधार पडेपर्यंत वेळ थोडाच आहे असं ठेवलं तर खेळाडू मंडपाजवळ थांबतो की पाण्याकडे जातो यावर पुढच्या खेपेला त्याला काय आठवतं हे ठरेल. निकाल तोच राहील, आठवण बदलेल.

एक प्रश्न याहून अवघड: खेळाडू नेमका कोण? लू यौच्या डोळ्यांतून पाहायचं तर त्याच्या तोंडी मनाची वाक्यं घालावी लागतात, आणि नऊ हजार कविता लिहिलेल्या माणसाच्या तोंडी आपली वाक्यं शोभत नाहीत. तांग वानचे शब्द तर फारच थोडे उरलेत. मला विचाराल तर बागेचा माळी घ्यावा. मालक बदलले तरी माळी, त्याचा मुलगा, नातू तिथंच राहतात. म्हातारा कवी आला की त्यांना दार उघडावं लागतं.

आणि हे सगळं खरं कशावरून?

इतिहासाचा धागा इथं विरळ आहे, आणि गेमला त्याचा फायदाच होतो. भेटीच्या हकिकती नंतरच्या लोकांनी लिहून ठेवल्या. चेन हू सांगतो की आपण तरुणपणी ती भिंत स्वतः पाहिली, आणि भेटीचं साल ११५१ पडतं असं तो सांगतो. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिणारा झोऊ मी ११५५ देतो. तांग वान ही लू यौच्या मामाची मुलगी होती हेही झोऊ मीचंच म्हणणं. पण आईचं माहेर आणि तांग वानचं घराणं वेगवेगळ्या गावचं असल्यामुळे आजचे अभ्यासक ते मानायला तयार नसतात. काडीमोडाचं कारण ल्यू कझुआंग हा तिसरा लेखक असं देतो की मुलगा अभ्यासात ढिला पडेल अशी आईवडिलांना धास्ती वाटली. मूल होत नव्हतं हे कारण पुढच्या काळातलं. काही अभ्यासक तर म्हणतात की ती कविता बागेतली नाहीच, लू यौ सिच्वानमध्ये नोकरीला असतानाची आहे. मात्र ११९२ च्या कवितेच्या प्रस्तावनेत कवीनं स्वतः लिहिलंय की चाळीस वर्षांपूर्वी या बागेच्या भिंतीवर मी एक छोटी रचना लिहिली होती. काहीतरी लिहिलं होतं एवढं नक्की.

तांग वाननं त्याच चालीत उत्तर लिहिलं अशी ख्याती आहे आणि ते उत्तर आज सगळीकडे पूर्ण छापतात. पण चेन हूला त्याच्या सुरुवातीच्या दोनच ओळी माहीत होत्या, आणि पूर्ण रचना मिळत नाही याची हळहळ त्यानं लिहून ठेवली. पूर्ण पाठ फार नंतर, मिंग काळात दिसतो. म्हणजे बाकीच्या ओळी नंतर कुणीतरी भरल्या असण्याची शक्यता मोठी आहे. गेममध्ये हे लपवू नये. तिच्या उत्तराच्या दोन ओळी एका अक्षरात आणि पुढच्या ओळी वेगळ्याच अक्षरात दाखवाव्यात. ज्याला पारख आहे त्याला कळेल.

साक्षीदारांमधला हा मतभेद कोडं म्हणूनही चालतो. मंदिराच्या ओसरीवर तीन वाटसरू तीन हकिकती सांगतात. कुणाचं कशाशी जुळतं ते खेळाडूनं ठरवावं, आणि गेमनं 'बरोबर' असं हिरवं चिन्ह दाखवू नये.

काळाच्या चुका कुठं होतात?

पुरुषांच्या पाठीवर लांब वेणी ही पहिली चूक. ती १६४४ नंतरच्या मांचू राजवटीची सक्ती. सुंग पुरुष केस डोक्यावर बांधत. अंगाबरोबर बसणारा उंच गळ्याचा छीपाव हा पोशाख विसाव्या शतकातला, तांग वानला तो चालणार नाही. पार्श्वसंगीताला स्थानिक रंग द्यायचा म्हणून शाओशिंगचं यूए नाट्यसंगीत लावतात. त्याची सुरुवात १९०६ ची. छिन हे सात तारांचं वाद्य मात्र खुशाल वापरा. कपडे, दुकानं, होड्या, पूल यांच्यासाठी बाराव्या शतकाच्या सुरुवातीला झांग झदुआननं रंगवलेलं नदीकाठच्या शहराचं लांबलचक गुंडाळीचित्र हाताशी ठेवावं. ते उत्तरेच्या राजधानीचं आहे, तेवढं ध्यानात ठेवून.

दोन तासांत संपतो, त्याचे पैसे का द्यायचे?

पाच खेपांचा हा गेम दीड-दोन तासांचा होईल. तेवढाच असावा, तीच बाग पाच तास दाखवली तर जीव विटेल. पण विक्रीत एक गोची आहे. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात गेम विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे खेळाडू अख्खा गेम संपवून पैसे परत घेऊ शकतो. यावर काही जण गेम ताणतात: वाट लांबवतात, वेग कमी करतात, एकच दार तीनदा उघडायला लावतात. हा उपाय रोगाहून वाईट. किंमत कमी ठेवणं आणि दुकानाच्या पानावर 'अवधी सुमारे दोन तास' असं सरळ लिहिणं यानं तक्रारी कमी होतात.

डोकं गरगरलं म्हणून पैसे परत मागणारेही असतात. असा गेम डोळ्यांच्या उंचीवरून दिसतो, आणि चालताना कॅमेरा वरखाली हलवला की अनेकांना मळमळतं. ती हालचाल बंद करायचं बटण पहिल्याच पानावर द्यावं. दिसण्याचा कोन ६० ते ११० अंशांत बदलता यावा, आणि पडद्याच्या मध्ये एक बारीक ठिपका ठेवता यावा. नजरेला आधार मिळतो.

याला गेम म्हणावं का?

हारजीत नाही, म्हणून गेम नाही, असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. एवढं पाहावं: हीच गोष्ट चित्रपटात दाखवली तर भिंतीकडे कधी वळायचं हे दिग्दर्शक ठरवतो. इथं खेळाडू पाठ फिरवून निघून जाऊ शकतो, आणि दुसऱ्या खेपेला त्याच भिंतीसमोर त्याला आपण तेव्हा काय वाचलं नव्हतं ते कळतं. हे दुसऱ्या माध्यमात होत नाही, माझ्यापुरतं तेवढं पुरेसं आहे.

मराठीत खेळता येईल का?

भाषांतर हा सोपा भाग. चिनी कविता वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे लिहिलेली असते. ती भिंतीवर तशीच ठेवावी, बदलू नये. मराठी मजकूर खेळाडू भिंतीजवळ गेला की पडद्याच्या तळाशी यावा. साठ अक्षरांचं मराठी साधारण ऐंशी-नव्वद शब्दांत जातं, तेव्हा एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त दाखवू नये.

खरा घोळ देवनागरी अक्षरांचा. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी काढायचा असतो, जोडाक्षरं जुळवायची असतात, रफार उचलून वर न्यायचा असतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेला शेपिंग म्हणतात. युनिटी इंजिनमध्ये सर्रास वापरलं जाणारं टेक्स्टमेशप्रो हे काम करत नाही. तिथं 'किती' लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि 'स्मृती'चे तुकडे पडतात. गोदो इंजिनच्या चौथ्या आवृत्तीत आणि अनरिअलमध्ये हार्फबझ नावाची शेपिंगची लायब्ररी आधीच जोडलेली आहे, त्यामुळे तिथं निभावतं. तपासायला एक ओळ पुरे: 'दुसऱ्या वर्षी तळ्याकाठी किती शिल्पं उरली?' यातला 'ऱ्या' नीट आला, 'वर्षी'वरचा रफार जागेवर बसला, 'कि' आणि 'शि' सुलट दिसले तर पुढं जावं. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर फॉन्टमध्ये मराठी वळण आहे का ते पाहावं आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी. फॉन्टमध्ये वळण असूनही ती नोंद राहिली तर हिंदी ल-श येतात. हे सगळं शेवटच्या आठवड्यावर टाकलं तर इंजिन बदलायची वेळ येते, म्हणून पहिल्याच दिवशी ग्रेबॉक्सच्या राखाडी भिंतीवर ही ओळ लिहून बघावी.

आणि ग्रेबॉक्सच्याही आधी, एक संध्याकाळ ट्वाइनवर घालवावी. ट्वाइन हे फुकटचं साधन आहे. त्यात नुसत्या मजकुराची पानं एकमेकांना जोडून गेमचा कागदी नमुना होतो, प्रोग्रामिंग जवळपास लागत नाही. पाच खेपांची वीस-पंचवीस पानं करावीत आणि गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना वाचायला द्यावीत. चौथी खेप स्वप्नातली आहे हे त्यांना न सांगता कळलं का, एवढंच विचारावं. कळलं नसेल तर तिथलं पान पुन्हा लिहावं. मजकुरात जे कळत नाही ते त्रिमितीय बाग बांधूनही कळणार नाही.